पेव फुटणे

पेव फुटणे : एखाद्या गोष्टीची एकाएकी, बेसुमार रेलचेल होणे या अर्थाचा मराठी वाक्प्रचार. ‘पेव’ (नपुं.) म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला, अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा. कणगी घरात उभी राहते, पेव अंगणाखाली वा गावाबाहेर दडलेले असते. धान्याची पेवे आता दुर्मीळ झाली आहेत. सांगलीलगत, कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे मात्र हळदीची पेवे बऱ्याच अलीकडेपर्यंत नांदती होती आणि वाक्प्रचाराचा उगम शोधताना त्यांचा उपयोग होतो.

शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. संस्कृत ‘प्रपा’शी नाते जोडण्याचा मोह होतो, पण त्या शब्दाची मराठी वाट ‘पाणपोई’तल्या ‘पोई’कडे गेली आहे. शिवाय ‘प्रपा’ पाण्याची, पेव कोरड्या मालाचे. कन्नडमध्ये भूमिगत कोठाराला ‘हगेवु’ म्हणतात. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला (पाल् > हालु ‘दूध’, पूवु > हूवु ‘फूल’, पत्तु > हत्तु ‘दहा’). तेव्हा ‘हगेवु’मागे ‘पगेवु’सारखे रूप कल्पिता येते, त्यातला ‘ग’ झिजून ‘पेव’ होणे अवघड नाही. तसे असल्यास हा शब्द मराठीत ‘प’चा ‘ह’ होण्यापूर्वी आला असावा. सांगली-मिरजेपासून कन्नड मुलूख हाकेच्या अंतरावर असल्याने हे मत अधिक संभाव्य वाटते. मात्र मधल्या रूपाचा लेखी आधार मिळेपर्यंत ते अनुमानच समजावे.

हरिपूरची माती घट्ट व चिवट असल्याने तेथे सुमारे 20 फूट खोल पेव विटा-दगडांच्या बांधकामाशिवाय टिकते. आतून भूस वा पाल्याचे अस्तर देऊन हळद भरत आणि तोंडावर झाकण घालून वरून माती चोपत. बंद पेवात प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद काही वर्षे टिकते. याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच उतरणे जिवावर बेतू शकते. तोंड मोकळे करून बराच वेळ थांबायचे, मग आत कंदील सोडायचा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या साठवणीचाही बोलबाला झाला.

वाक्प्रचाराच्या उगमाची दोन स्पष्टीकरणे ऐकू येतात. एकानुसार, पेवात पाणी शिरले की धान्य फुगून, कोंब येऊन झाकण उचलते, हेच ‘फुटणे’. दुसऱ्यानुसार, टंचाईत पेवाचे तोंड फोडले की दडलेले धान्य एकदम हाती येते. पहिले चित्र आकर्षक असले तरी अर्थाशी जुळत नाही. पाणी शिरलेले पेव म्हणजे नासाडी. 2005 च्या महापुरात हरिपूरची पुष्कळ पेवे पाण्याने खचून निकामी झाली, त्याला कोणी सुकाळ म्हणणार नाही. दुसरे स्पष्टीकरण ‘पान्हा फुटणे’, ‘पाझर फुटणे’ यांच्याही जवळचे आहे : आत साठलेले बाहेर येणे. वाक्प्रचार हळदीवरून पडला, ही समजूत सांगली भागापुरती स्वाभाविक आहे. परंतु तो मराठीत सर्वदूर आहे आणि पेव मुळात धान्याचे.

आजच्या वापरात नापसंतीची छटा दिसते : शिकवण्यांचे, फलकांचे, पुरस्कारांचे पेव फुटते, चांगल्या पावसाचे फुटल्याचे सहसा ऐकू येत नाही. वृत्तपत्रांत ‘अफवांचे पेव फुटले’च्या जोडीला ‘अफवांना पेव फुटले’ अशीही रचना आढळते. ती ‘झाडाला पालवी फुटली’च्या वळणावर गेलेली आहे. ‘ना’ वापरणाऱ्याच्या मनात खड्डा उरलेला नसतो, पेव म्हणजे काहीतरी धुमारा असावा एवढेच असते. मूळ अर्थाला धरून ‘चे’ हीच रचना घ्यावी.