हिजबुल्लाला निःशस्त्र करणे हे शांतिसेनेचे काम होते का?

दक्षिण लेबनॉन पेटला की तिथल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेबद्दल एक वाक्य हमखास फिरते: 'हिजबुल्लाची शस्त्रे काढून घ्यायला संयुक्त राष्ट्रांची फौज ठेवली होती, ती नुसती बघत बसली.' यातला पहिला भागच चुकीचा आहे.

ही फौज, युनिफिल, 1978 पासून तिथे आहे. 1998 पासून भारतीय बटालियनही. 2006 च्या इस्रायल-हिजबुल्ला युद्धानंतरचा सुरक्षा परिषदेचा ठराव 1701 सांगतो की लितानी नदी ते ब्लू लाइन (लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधली रेषा) या पट्ट्यात लेबनॉनचे सरकार आणि युनिफिल सोडून कुणाकडे शस्त्रे नसावीत. पण ती काढून घेण्याची जबाबदारी लेबनॉन सरकारची; युनिफिलने त्याच्या लष्कराला साथ द्यायची. तिला बळ वापरता येते, पण तेही आपल्या कुवतीत: स्वसंरक्षणासाठी, काम बळाने रोखले गेले तर, नागरिकांवर तातडीचा धोका असेल तर आणि पट्टा शत्रुत्वाच्या कारवायांसाठी वापरला जाऊ नये म्हणून. शत्रुत्वाच्या कारवाईचा ठोस पुरावा नसेल, तर खासगी घरात घुसायची मुभा नाही. शस्त्रे नेमकी अशाच जागी लपवली जात असतील, तर गस्त काय करणार?

शिवाय ब्लू लाइन ही सीमा नव्हेच. लेबनॉनमधून झालेली इस्रायली माघार तपासण्यासाठी 2000 साली आखलेली ती रेषा आहे.

मार दोन्हीकडून बसतो. डिसेंबर 2022 मध्ये लेबनॉनमधल्या हल्लेखोरांनी गाडीवर केलेल्या हल्ल्यात युनिफिलचा एक आयरिश सैनिक मारला गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये इस्रायली रणगाड्याने युनिफिलच्या नाकूरा इथल्या मुख्यालयाच्या टेहळणी मनोऱ्यावर गोळा डागला. दोन इंडोनेशियन सैनिक जखमी झाले. अशांना 'बघे' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. युनिफिलवर टीका जरूर व्हावी, पण तिला दिलेल्या कामावरून. ऑगस्ट 2025 मध्ये सुरक्षा परिषदेने ही मोहीम 31 डिसेंबर 2026 रोजी संपवायचे ठरवले.