दोन अंक आले कुठून?

शेजारची मुलगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी संत्र्यांची मापं घेते आहे. हात बसावा म्हणून तिने आधी नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेली तीनच संत्री काट्यावर ठेवली. वजनं भरली १४८, १५१ आणि १५५ ग्रॅम. सालीची जाडी ३, ३ आणि ४ मिलिमीटर. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने वजनाची सरासरी दिली १५१.३३३३. मग तिने वजन आणि साल या दोन्ही सरासऱ्या एकत्र छापल्या, तर वजन झालं १५१.३३३३३३. ‘‘काका, संत्री तीच, मग हे दोन अंक कुठून येऊन राहिले?’’

हा प्रश्न मला फार आवडला. ‘आर’ एरवी सात सार्थ अंक दाखवतं. सार्थ अंक म्हणजे सुरुवातीची शून्यं सोडून उरलेले अंक, ०.००४२ मध्ये ते दोनच. १५१.३३३३ मध्ये बरोबर सात आहेत, म्हणजे दशांशचिन्हानंतर चार. सालीची सरासरी ३.३३३३३३, तिचे सात अंक भरायला दशांशचिन्हानंतर सहा घरं लागतात. संख्या एकत्र छापताना ‘आर’ प्रत्येकीला किती घरं लागतील ते वेगवेगळं मोजतं आणि सगळ्यांत मोठी मागणी सगळ्यांना लागू करतं, म्हणजे दशांशचिन्हं एकाखाली एक येतात. सालीच्या मागणीपायी वजनालाही सहा घरं मिळाली. शेवटची शून्यं मात्र गरज नसेल तर गळतात: २.५० टाइप करा, २.५ दिसेल.

हे सगळं फक्त दाखवण्यापुरतं. आत संख्येचे सार्थ अंक ५३ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ५३ घरांत, साठवलेले असतात; ही सुमारे १५-१६ दशांश अंकांची अचूकता. ०.१ ही संख्या या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत पूर्ण मावतच नाही. १७ अंक मागितले तर ०.१०००००००००००००००१ दिसते. म्हणूनच ०.१ + ०.२ चं उत्तर पडद्यावर ०.३ दिसतं, पण ते ०.३ इतकंच आहे का असं विचारलं तर ‘आर’ नाही म्हणतं. उलटी गफलतही होत असे. २०१७ साली ३.४.० आवृत्ती येण्याआधी सारांश काढणारी आज्ञा १२३४५६ चे १२३५०० करून दाखवायची, आणि आपली माहितीच बिघडली असं वाटून लोक घाबरायचे.

लांबलचक दशांश पाहिला की माणूस दबतो. संगणकावरची जन्मपत्रिका ग्रहांचे अंश, कला (अंशाचा साठावा भाग), विकला (कलेचा साठावा भाग) छापते, आणि जन्मवेळ घरच्यांनी ‘आठच्या सुमारास’ म्हणून सांगितलेली असते. वेळच अंदाजाची, तर त्या विकलांना काही अर्थ उरत नाही. आणि वेळ अचूक असली तरी त्यावरून भविष्य कळत नाही.

किती अंक खरे, हे काट्याला माहीत असतं. सॉफ्टवेअरला ते आपण सांगावं लागतं. तिने वहीत १५१ ग्रॅम लिहिलं. ‘आर’मधली सरासरी मात्र पूर्ण ठेवली आहे, कारण पुढची आकडेमोड तिच्यावरच व्हायची आहे.