फॅमिली कोर्टातलं पोरगं आणि २५ प्रश्नांची चाळणी

मागच्या आठवड्यात नागपुरात धरमपेठेत जुना मित्र भेटला, पोराच्या कस्टडीची केस चालू आहे त्याची इथल्या फॅमिली कोर्टात, भेटल्या भेटल्या म्हणे, "पोराची टेस्ट झाली बे, २१ आला, अबनॉर्मल निघाला तो." समोरचा चहा त्यानं उचललाच नाही. तेव्हापासून हेच डोक्यात सुरू आहे म्हणून लिहून राहिलो.

ती टेस्ट म्हणजे एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) नावाचा फॉर्म, मुलाच्या भावना आणि वागण्यातल्या अडचणींची पहिली चाळणी. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ साली मांडला. २५ वाक्यं, प्रत्येकासमोर खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं यातली एक खूण, त्याचे ०, १, २ गुण. त्यातल्या २० वाक्यांची बेरीज ४० पैकी, आणि पालकांनी भरलेल्या फॉर्मात ती १७ किंवा जास्त आली की मूल सगळ्यात वरच्या गटात. पण हे १७ आलं कुठून? साधारण शंभरातली दहा मुलं वरच्या गटात यावीत अशीच रेघ मारली होती, तीही ब्रिटनमधली मुलं बघून. त्या गटाचं नाव अबनॉर्मल, बस. आजाराचं निदान नाही ते.

आता खरी गंमत गणितात आहे, जरा थांबून वाचा. समजा एखादी चाचणी त्रासातली ८० टक्के मुलं बरोबर पकडते आणि ठीक असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते. १०० मुलांत १० खरंच त्रासात असतील तर ८ सापडली, पण उरलेल्या ९० पैकी १८ उगाच अडकली, म्हणजे अडकलेल्या २६ मध्ये खरी फक्त ८. आता कोर्टात आलेल्या १०० मुलांत समजा ३० त्रासात आहेत, तर २४ खरी आणि १४ उगाच, म्हणजे ३८ मध्ये २४. चाळणी तीच, धान्य बदललं की हातात येणारं बदलतं. म्हणून नुसता आकडा कोणी सांगितला तर आधी विचारायचं की कोणत्या मुलांमधला.

(बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव सांगणारे पण फिरतात, पाच-पाच हजार घेतात. त्याला विज्ञानाचा काहीच आधार नाही, तो रिपोर्ट कृपा करून कोर्टात नेऊ नका.)

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कोर्टाला वैद्यकीय तज्ज्ञाची मदत घेता येते, समुपदेशकही असतात, त्यामुळे फॉर्म ही सुरुवात आहे, पुढे बोलणारं माणूस लागतंच.

कारण फॉर्म भरतं कोण, तर भांडणातलेच दोघं. मित्राकडे दोन्ही फॉर्म होते. २१ आईच्या फॉर्मात, त्याच्या स्वतःच्या फॉर्मात ९. पोट किंवा डोकं दुखण्याच्या वाक्यासमोर आईनं अगदी खरं लिहिलं होतं, यानं खरं नाही. मला वाटलं दोघांतलं कोणीतरी खोटं बोलून राहिलं. समुपदेशक बाईंनी पोराला एवढंच विचारलं की कधी दुखतं रे बाळा? तर म्हणे रविवारी रात्री, बाबा मला आईकडे सोडून गेले की.

मित्र म्हणे, "मला तर कधी दिसलंच नाही."