टॉम हाउस
टॉम हाउस (जन्म १९४७, सिॲटल) हा अमेरिकन बेसबॉलमधला माजी डावखुरा पिचर आणि नंतरचा नावाजलेला पिचिंग कोच. पिचिंग कोच म्हणजे आपल्याकडचा बोलिंग कोच म्हणा हवं तर, फक्त बेसबॉलमध्ये हा माणूस मॅच चालू असताना मैदानात चालत जाऊन पिचरशी बोलू शकतो.

खेळाडू म्हणून तो साधारणच. १९७१ ते १९७८ या काळात अटलांटा ब्रेव्ह्ज, बॉस्टन रेड सॉक्स आणि सिॲटल मरिनर्स अशा तीन टीम, बहुतेक वेळा रिलीव्हर म्हणून, म्हणजे सुरुवातीचा पिचर थकला की मग याला आणायचे. स्पीड काही फार नव्हता. त्यातल्या त्यात १९७४ चा सीझन मस्त गेला, पण त्या वर्षीचं लोकांच्या लक्षात राहिलं ते भलतंच. ८ एप्रिलला अटलांटात ब्रेव्ह्जच्याच हँक ॲरनने कारकिर्दीतला ७१५ वा होमरन (आपल्या सिक्सरसारखा थेट कुंपणापार जाणारा फटका) मारून जुन्या जमान्यातल्या बेब रूथचा ७१४ चा रेकॉर्ड मोडला आणि तो बॉल लेफ्ट फील्डच्या कुंपणापलीकडे टीमच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचर वॉर्म-अप करतात ती जागा) उभ्या असलेल्या हाउसच्या ग्लव्हमध्ये येऊन पडला! तिथून तो बॉल घेऊन पळत सुटला ते थेट होम प्लेटपाशी (बॅटिंग करणारा उभा राहतो ती जागा), गर्दीतून वाट काढत ॲरनच्या हातात दिला.

खरं काम पुढे झालं. १९८५ ते १९९२ तो टेक्सास रेंजर्सचा पिचिंग कोच होता आणि तिथे त्याने पिचर लोकांना वॉर्म-अपला चक्क अमेरिकन फुटबॉल फेकायला लावला. बाकीच्यांनी टिंगल केली, साहजिकच आहे. पण त्यामागे लॉजिक होतं: बेसबॉल जेमतेम १४५ ग्रॅमचा, कसाही फेकला तरी जातो, फुटबॉल चारशे ग्रॅमच्या आसपास आणि लांबुळका, त्यामुळे हात चुकीच्या जागी आला की तो हवेत लटपटतो आणि बरोबर आला तर गिरकी घेत सरळ जातो, म्हणजे चूक फेकणाऱ्याला स्वतःलाच दिसते, कोचने ओरडायची गरज नाही. टॉवेल ड्रिलही त्याच्याच नावाशी जोडलं जातं. बॉलऐवजी हातात टॉवेल धरून पूर्ण ॲक्शन करायची आणि समोर धरलेल्या ग्लव्हवर टॉवेलचा फटका बसवायचा, खांद्यावर लोड न येता ॲक्शन घोटली जाते. जोडीला वेट ट्रेनिंग, हाय स्पीड कॅमेऱ्याने ॲक्शनचं शूटिंग, शिवाय हा मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस!

या सगळ्याला वजन आलं ते नोलन रायन या पिचरमुळे. रायन १९८९ मध्ये रेंजर्सकडे आला तेव्हा ४२ वर्षांचा होता, या वयात लोक कॉमेंट्री करतात, त्याने त्या सीझनला ३०१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटरला बाद करणं) काढले आणि १९९१ मध्ये ४४ व्या वर्षी सातवा नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट न देणं) टाकला. रायन मुळातच अफाट होता, त्यामुळे सगळं श्रेय हाउसला देणं जरा जास्तच होईल, पण १९९९ च्या हॉल ऑफ फेमच्या भाषणात रायनने त्याचं नाव घेतलं होतं. पुढे ड्रू ब्रीस, टॉम ब्रेडी असे अमेरिकन फुटबॉलचे क्वार्टरबॅकही (बॉल फेकून पास देणारे खेळाडू) त्याच्याकडे थ्रो सुधारायला यायला लागले.

भारताशी संबंध २००८ चा. एका टॅलेंट हंटमधून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन पोरं कॅलिफोर्नियात हाउसकडे आली. दोघं क्रिकेटर नव्हते, भालाफेकवाले होते, आणि ते एका अर्थी बरंच, कारण बोलरला कोपर सरळ ठेवायची सवय असते आणि पिचिंगमध्ये कोपर वाकल्याशिवाय कामच होत नाही. बेसबॉल कधी हातात न धरलेल्या या पोरांना त्याने काही महिन्यांत इतकं तयार केलं की नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना साइन केलं. मेजर लीगपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत, दोघंही पोचले नाहीत. रिंकू नंतर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान म्हणून दिसला.

बेसबॉलमधल्या स्टिरॉइडचा विषय तापलेला असताना २००५ मध्ये हाउसने आपण खेळत असताना स्टिरॉइड घेतल्याचं उघड सांगितलं. तेही सत्तरच्या दशकातलं, म्हणजे हे प्रकरण नव्वदीत सुरू झालं असं मानणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.