पार्श्वभूमी : एकच पुस्तक की ज्याचे त्याचे?

कोकण किनाऱ्यावर वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीतले १८२८ चे, सावंतवाडीतले १८५२ चे, चिपळूणचे १८६४ चे. वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला मात्र बराच काळ देवघेवीचे टेबल एवढीच जागा होती. नाहीतर पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीचा शेरा : ‘वाचनीय’, ‘भिकार’, ‘पहिली चाळीस पाने सोडा’. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारे महाभागही त्यातलेच. रबराने खोडले तरी ठसा उरतोच.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान आले, अ-ब-क-ड वर्गवारी आली, आणि वाचनालयांचा जीव ग्रंथसंख्या व सभासदसंख्या सांभाळण्यात गुंतला. मासिक वाचक बैठका रुळल्या त्या नंतर, आणि तेव्हाच वादाला तोंड फुटले : सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचे, की ज्याने त्याने आपापले?

एका पुस्तकाच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे साधे होते. मी ऐतिहासिक कादंबरीवर बोलणार, तुम्ही मासेमारीवरच्या पुस्तकावर, तिसरा कवितांवर. यात वाद घालणार कोण? नुसती माना डोलवण्याची सभा. मुद्दा चुकीचा नव्हता, पण तो शहरात शोभणारा. तालुक्याच्या वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत असते. प्रत्येकाने आठ दिवस ठेवली तरी दहा वाचकांना अडीच महिने लागणार. विकत घ्यायचे तर दुकान जिल्ह्याच्या गावी, आणि निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, बागायतदार यांना दरमहा तीन-चारशे रुपये मोडायला सांगणार कोण? शिवाय पुस्तक निवडायचे कोणी, यावरून रुसवेफुगवे ठरलेले. अनेक ठिकाणी शेवटी ‘ज्याचे त्याचे’ हेच टिकले, ते काही तत्त्वाने नव्हे, प्रतीच नव्हत्या म्हणून. त्याचा फायदा असा की शेतीवरचे पुस्तक, चरित्र आणि भयकथा एकाच दुपारी कानावर पडू लागली.

मार्च २०२० मध्ये वाचनालयांना कुलपे लागली, ती राज्यात १५ ऑक्टोबरपासून उघडायची परवानगी मिळाली. मधल्या काळात मते व्हॉट्सअॅपवर गेली. मुंबई-पुण्याचे चाकरमानी त्यात शिरले, आणि बैठकीत बोलण्याची पाच मिनिटांची मर्यादा मोडून बारा मिनिटांचे व्हॉइस मेसेज येऊ लागले. पाठोपाठ २२ जुलै २०२१ चा महापूर. चिपळूणच्या वाचनालयात २००५ नंतर पुन्हा पाणी शिरले. अशा वेळी भिजलेल्या पुस्तकांची जागा देणगीत येईल त्या पुस्तकांनी भरायची असते, आणि देणगीत एकाच पुस्तकाच्या दहा प्रती सहसा येत नाहीत.

आता मोबाइलवर ई-पुस्तक सगळ्यांना एकदम मिळू शकते, त्यामुळे एका पुस्तकाचा आग्रह पुन्हा डोके वर काढतो आहे. काही गटांनी तडजोड केली आहे : मे महिन्यात आणि गणपतीत, मुंबईकर गावी असताना, एकच पुस्तक, एरवी ज्याचे त्याचे. गणपतीतली बैठक बहुधा आरत्यांच्या गडबडीत बारगळते.