गॅस कमी की हवा कमी?

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एकच निदान ऐकू येतं: ‘एसी थंड करत नाही ना? गॅस संपला असेल.’ गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत राहतो. गळती नसेल तर दहा वर्षांनीही जेवढा भरला तेवढाच असतो. ‘दरवर्षी थोडा टॉप-अप लागतोच’ म्हणणारा माणूस एक तर गळती शोधायचा कंटाळा करतोय, नाहीतर गरज नसताना भरतोय.

रिमोटवर चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ मोड लागलाय का, फिल्टरची जाळी धुतली का, हे सगळ्यांना माहीत असतं. बिनइन्व्हर्टर, म्हणजे एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत बाहेरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) नुसता घूं करून गप्प होत असेल, तर आधी कपॅसिटर, म्हणजे त्याला सुरुवातीचा धक्का देणारा विजेचा भाग बघायचा. काम स्वस्तातलं आहे. पुढे चला.

खरी गफलत होते ती इनडोअरच्या कॉइलवर, म्हणजे खोलीतल्या युनिटमधल्या थंड होणाऱ्या नळ्यांवर बर्फ दिसला की. ‘बर्फ म्हणजे गॅस कमी’ हे अर्धंच खरं आहे. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, गॅस शून्याखालच्या तापमानाला उकळतो आणि हवेतला ओलावा कॉइलवर गोठतो. पण कॉइल आणि ब्लोअर (आतला हवा फेकणारा पंखा) धुळीने माखले असतील तर खोलीतली ऊब गॅसपर्यंत पोचतच नाही. मग गॅस पूर्ण असूनही दाब उतरतो आणि बर्फ तसाच धरतो. कारण वेगळं, लक्षण एकच.

त्याहून वाईट म्हणजे गेज, म्हणजे मेकॅनिकचं दाब मोजायचं मीटरही फसवतं. आर-32 किंवा आर-410ए (ही गॅसची नावं) च्या एसीत कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालू असताना सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या दाबाचा काटा साधारण 115 ते 140 पीएसआयच्या आसपास असतो, जुन्या आर-22 मध्ये 60 ते 70. कॉइल धुळीने चोक असेल तर गॅस पुरेसा असूनही काटा खाली येतो. काटा खाली दिसला की मेकॅनिक गॅस ढकलतो. महिन्याभराने कुणीतरी कॉइल धुतं, हवा मोकळी होते, आणि आता नळीत गरजेपेक्षा जास्त गॅस असतो. त्याचा ताण कॉम्प्रेसरवर येतो, वीजबिलही फुगतं. म्हणून क्रम एकच: आधी कॉइल आणि ब्लोअर धुणे, मगच गेज लावणे. जो आल्या आल्या गेज काढतो त्याला चहा देऊन परत पाठवावं.

‘फिल्टर तर दर पंधरा दिवसांनी धुतो’ हे उत्तर इथे चालत नाही. वाकड, बाणेर, खराडीकडे बांधकामाची बारीक धूळ जाळीतून आरपार जाते आणि ब्लोअरच्या पात्यांवर थर धरते. झडपेतून टॉर्च मारून बघा. पात्यांची धार दिसायच्या ऐवजी राखाडी लोकर दिसली, तर नुसता फिल्टर धुऊन उपयोग नाही.

आता गॅस कमी की हवा कमी, हे घरी कसं ओळखायचं. बर्फ असेल तर आधी तो जाऊ द्या: दोन तास फक्त फॅन मोड. सुरी, चमचा असलं काही लावू नका, कॉइल फाटली तर खरोखरच गॅस जाईल. मग एसी 16 वर आणि फॅन हायवर ठेवून वीस मिनिटं चालवा. एक साधा थर्मामीटर इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा; मग खालच्या झडपेपाशी. दोन्ही तापमानांत 8 ते 12 अंशांचा फरक हवा. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये थोडा जास्तही येतो, पावसाळ्यात कमी.

झोत जोरदार आहे पण फरक जेमतेम 4-5 अंश, तर संशय गॅसवर. फरक 14-15 आणि झोत मरतुकडा, तर हवा अडलीय. दोन्ही ठीक असूनही खोली तापलेलीच, तर एसीला दोष देऊ नका. वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची काच एक टनाच्या एसीला झेपत नाहीत.

दुसरी खूण बाहेरच्या युनिटवर, नळ्या जोडतात त्या नटांपाशी. बारीक नळी बहुधा पाव इंची, जाड नळी अर्धा इंची. बारीक नळीवर बर्फ आणि जाड नळी कोरडी, कोमट: गॅस कमी. जाड नळीवरच बर्फ चढत आलाय: बहुधा हवा कमी. दोन्ही गार आणि घामेजलेल्या: ठीक. एसीच्या पाण्याखाली ठेवलेल्या बादलीवरून निदान करू नका. जूनमध्ये अर्धी भरते ती एप्रिलमध्ये तळही झाकत नाही, कारण हवेत ओलावाच नसतो.

एसी रात्री छान चालतो आणि दुपारी तीनला हात टेकतो, तर गॅसच्या आधी बाहेरची कॉइल बघा. ड्राय बाल्कनीत ग्रिल आणि कपड्यांच्या मागे कोंडलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. पाठीमागे पारव्याचं घरटं असेल तर पिसं आणि विष्ठा कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये घट्ट बसतात. गॅस कमी असेल तर बाहेरचा वारा जेमतेम कोमट लागतो; बाहेरची कॉइल चोक असेल तर चटका देतो.

गॅस खरंच गेला असेल तर गळतीची जागा सापडलीच पाहिजे. बहुतेकदा ती फ्लेअर नटापाशी (नळ्या जोडणाऱ्या नटापाशी) असते आणि तिथे तेलाचा डाग दिसतो. नायट्रोजनचा दाब धरून साबणाचं पाणी लावायचं. अर्धा तास काटा हलता कामा नये. मग व्हॅक्यूम पंपाने किमान वीस-तीस मिनिटं नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. पंप न लावता गॅसनेच नळीतली हवा बाहेर ढकलणारे (‘पर्ज’ करणारे) बरेच आहेत. आर-32 पेट घेऊ शकतो, त्यांना तसं करू देऊ नका. भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरायचे. नळ्यांची लांबी कंपनीने गृहीत धरलेल्यापेक्षा जास्त असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेले जादा ग्रॅम मिळवायचे. इन्व्हर्टरमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण कॉम्प्रेसर हळू फिरत असताना गेजचा आकडा काहीच सांगत नाही. वजनकाटा आणला नसेल तर आज काम सुरू करू देऊ नका.