शुक्राच्या चांदणीची देवी: इनान्ना

सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, नाहीतर पहाटे पूर्वेला दिसणाऱ्या ठळक ताऱ्याला आपण शुक्राची चांदणी म्हणतो. शुक्राचार्य पुरुष, पण त्यांचा तारा मराठीत चांदणी झाला. आजच्या दक्षिण इराकमधल्या उरुक शहरातले सुमेरी लोक पाच हजार वर्षांपूर्वी या ताऱ्यात एक देवी पाहत. तिचे नाव इनान्ना. ‘प्रेमाची देवता’ एवढीच तिची ओळख बहुतेक ठिकाणी करून दिली जाते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे. ती रणांगणाचीही देवी होती, राजाला सिंहासन देणारी आणि तिथून खाली खेचणारीही.

उरुकमधले तिचे मंदिर म्हणजे एअन्ना. त्या परिसरात जर्मन उत्खननात सापडलेले, सुमारे एक मीटर उंचीचे दगडी पात्र इ.स.पू. 3000 च्या आसपासचे आहे. त्यावर तळाशी पाणी, वर धान्य, मग मेंढ्या, त्यावर टोपल्या वाहणारी माणसे आणि सर्वांत वर वेताच्या दोन जुड्यांपुढे उभी असलेली स्त्री कोरलेली आहे. ती देवी की तिची पुजारीण, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण वेताची जुडी हीच इनान्नाची खूण, आणि लिपीतही तिचे नाव त्याच चिन्हाने लिहीत.

इ.स.पू. 2300 च्या सुमारास शेजारच्या अक्कडचा राजा सारगॉन याने सुमेरी नगरे जिंकली. अक्कडी लोकांची इश्तार आणि सुमेरींची इनान्ना यांची तेव्हापासून सरमिसळ होत गेली. सारगॉनची मुलगी एन्हेदुअन्ना ही उर नगरीत चंद्रदेव नन्नाची प्रमुख पुजारीण होती. बंडखोराने तिला हाकलून दिले तेव्हा नन्ना धावून आला नाही, म्हणून तिने इनान्नाचा धावा केला. तिच्या नावावरचे हे स्तोत्र आजही वाचता येते. हाती असलेल्या प्रती काही शतकांनंतरच्या आहेत, त्यामुळे कर्तृत्वाबद्दल शंका घेतली जाते. तरीही जगात नावानिशी माहीत असलेली पहिली साहित्यिक म्हणून मान तिलाच मिळतो. तिचे नाव कोरलेली दगडी चकती पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना 1927 साली उरमध्ये सापडली.

मला सर्वांत गुंतवून ठेवते ती इनान्नाच्या पाताळप्रवासाची कथा. बहीण एरेश्किगाल पाताळाची राणी. तिच्याकडे जाताना सात दारे लागतात आणि प्रत्येक दारात इनान्नाला एकेक दागिना किंवा वस्त्र उतरवावे लागते. शेवटी ती उघडी, निःशस्त्र पोचते. तिचे प्रेत करून खुंटीला टांगले जाते. मग एन्की देव नखांतल्या मळापासून दोन जीव घडवतो आणि ते तिला जिवंत करतात. (इथे मळापासून गणपती घडवणारी पार्वती कोणत्याही मराठी वाचकाला आठवेल.) पण पाताळाचा नियम असा की वर जायचे तर बदली कोणीतरी द्यायचा. इनान्ना घरी येते तर नवरा, मेंढपाळ दुमुझी, शोक करायचा सोडून उंची वस्त्रे लेवून सिंहासनावर बसलेला. ती त्यालाच पाताळाच्या दूतांच्या हवाली करते.

ही कथा निप्पूर या सुमेरी नगरीच्या फुटक्या मातीच्या पाट्यांवरून जुळवावी लागली. एकाच पाटीचा वरचा भाग इस्तंबूलला, खालचा फिलाडेल्फियाला! पूर्वी अभ्यासकांचा समज होता, की देवी पाताळात उतरली ती नवऱ्याला सोडवायला. सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी आणखी तुकडे लावल्यावर उलटेच निघाले: त्याला तिथे धाडणारी तीच. शेवटी दुमुझी अर्धे वर्ष आणि त्याची बहीण गेश्तिनअन्ना अर्धे वर्ष पाताळात राहते.

पुढे सुमेरी बोलीभाषा म्हणून संपली, तरी इश्तारची पूजा चालूच राहिली. इ.स.पू. सहाव्या शतकात नेबुखद्नेझर दुसरा याने बॅबिलॉनची निळ्या विटांची वेस तिच्याच नावाने बांधली. फिनिशियात, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर, तिची सख्खी बहीण वाटावी अशी अस्तार्ते देवी होती. ग्रीकांची प्रेमदेवता अफ्रोडाइटी हिचे सर्वांत जुने मंदिर त्या काळी सिरियात गणल्या जाणाऱ्या अश्कलोनला होते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे.

पुढच्या भाषांत दुमुझीचा तम्मुझ झाला. बायबलमध्ये यहेज्केलच्या पुस्तकात जेरुसलेमच्या मंदिराच्या दारात त्याच्यासाठी रडणाऱ्या बायका आहेत. इराकमध्ये जुलै महिन्याला आजही तम्मुझच म्हणतात.